"लै भारी हाय, घे" आणि "आमच्याकडं असं झालं": दोन्हीला सल्ला म्हणू नका

दसरा-दिवाळी जवळ आली की कोल्हापुरात घरोघर तोच प्रश्न फिरतो. "दाजी, वॉशिंग मशीन कुठलं घेऊ?" उत्तरही ठरलेलं. "आमच्याकडं अमुक कंपनीचं हाय. लै भारी. डोळं झाकून घे." मशीन घरी येतं, महिन्याभरात अडतं आणि दाजींशी बोलणं कमी होतं. दाजी खोटं बोललेले नसतात. त्यांनी शिफारस केलेली असते आणि घेणाऱ्यानं ती अनुभव म्हणून ऐकलेली असते.

शिफारस म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर फार बोलायला नको. दुकानदार करतो, जाहिरात करते, मोबाइलवरचा हसरा तरुण करतो. एक गोष्ट मात्र अजून बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. शोरूममध्ये टीव्हीच्या भिंतीपाशी उभा राहून माहिती देणारा मुलगा पुष्कळदा दुकानाचा नसतो, एखाद्या कंपनीचा प्रमोटर असतो. त्याचं टार्गेट त्या कंपनीच्या मालावर ठरलेलं असतं. "तुम्ही दुकानाचे की कंपनीचे?" असं सरळ विचारावं, त्यात गैर काही नाही.

चांदण्यांचा घोळही इथंच निपटून टाकू. फ्रिजवरच्या लेबलातले पाच स्टार वीज किती खातो ते सांगतात, फ्रिज किती टिकेल ते नाही. ऑनलाइन दुकानातले साडेचार स्टार म्हणजे लोकांचं मत, आणि त्यातले बरेच जण माल हातात पडला त्याच आठवड्यात स्टार देऊन मोकळे होतात. "फाइव्ह स्टार हाय, म्हणजे क्वालिटी असणारच" हे वाक्य ऐकलं की पुढचं ऐकायची गरज नाही.

आता मुख्य गोष्ट. दुकानदाराची शिफारस आपण चाळून घेतो, पण वापरणाऱ्याच्या तोंडून आलेलं सगळं अनुभव समजतो. "आम्ही चार वर्षं वापरतोय, एक नंबर हाय" ही सुद्धा शिफारसच आहे. बोलणारा वापरणारा आहे एवढंच. अनुभव म्हणजे काय घडलं ते: कुठलं मॉडेल, कुठलं पाणी, किती माणसं, काय बिघडलं, कोण आलं, किती घेतले. "एक नंबर" हा त्या सगळ्यावरचा निकाल. निकाल दाजींच्या घराचा असतो, आणि तुमचं घर वेगळं असतं.

वॉशिंग मशीनवरच पाहू. दाजी राजारामपुरीत चार मजली अपार्टमेंटच्या तळमजल्यावर राहतात, तुम्ही फुलेवाडीला तशाच अपार्टमेंटच्या चौथ्या मजल्यावर, गच्चीच्या बरोबर खाली. मॉडेल तेच. ऑटोमॅटिक मशीनला पाण्याचा किमान दाब लागतो आणि तो मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. समजा 0.3 बार लिहिलंय. 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण 1 बार, म्हणजे 0.3 बारसाठी टाकीच्या तळापासून मशीनच्या नळापर्यंत किमान 3 मीटर उतार हवा. (काही मॅन्युअलमध्ये मेगापास्कल असतं, 0.03 मेगापास्कल म्हणजेच 0.3 बार.) तळमजल्यावर हा उतार 12 ते 15 मीटर सहज मिळतो. चौथ्या मजल्यावर टाकी नुसती स्लॅबवर ठेवलेली असेल आणि नळ जमिनीपासून मीटरभर वर असेल, तर हातात दोन-सव्वादोन मीटर उरतात. पाइपची वळणं, अर्धवट उघडणारा व्हॉल्व्ह आणि मशीनच्या तोंडाची बारीक जाळी त्यातलंही थोडं खातात. मग पाणी भरायला वेळ लागतो, ठरावीक मिनिटांत पातळी गाठली नाही की मशीन एरर दाखवून थांबतं. मेकॅनिक येतो, जाळी साफ करतो, मशीन चार दिवस चालतं, पुन्हा थांबतं. मशीनमध्ये दोष नाही. टाकी मीटर-दीड मीटर उंच स्टँडवर चढवा किंवा छोटा प्रेशर पंप बसवा, काम होतं. पण हा खर्च दाजींना कधी आलाच नाही, तर ते सांगणार कुठून? म्हणून मशीन ठरवायच्या आधी टेप घेऊन गच्चीवर जायचं.

दुसरी गोष्ट पाण्याचीच. ज्यांच्याकडं फक्त नळाचं पाणी आहे त्यांचं "फ्रंट लोडच घ्या" बोअरवाल्यांनी जसंच्या तसं घेऊ नये. बोअरचं पाणी बऱ्याचदा जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. अशा पाण्यात साबण फेसाळत नाही, पावडर जास्त लागते, आणि गरम पाण्याचा हीटर असलेल्या मशीनमध्ये हीटरवर क्षारांचा थर बसतो. पाणी जड आहे का ते घरी कळतं. अर्ध्या बाटली पाण्यात साध्या साबणाचा किस टाकून जोरात हलवा. फेस न येता दह्यासारखा पांढरट साका आला तर पाणी जड. इथं टीडीएस मीटर खिशात घेऊन फिरणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे की ते मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतं, जडपणा वेगळा मोजत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातही दोन्ही मर्यादा वेगवेगळ्या दिल्या आहेत: लिटरला टीडीएस 500 मिलिग्रॅम, जडपणा 200.

आणि पाऊस. शिरोळची बहीण म्हणते, "स्पिनचं काय एवढं, तारेवर टाकलं की वाळतंय." गगनबावड्यात जुलैमध्ये तार असून उपयोग नसतो. तिथं स्पिनला मिनिटाला 700 फेऱ्या मारणारं टॉप लोड आणि 1200 ते 1400 मारणारं फ्रंट लोड यातला फरक रोज हाताला लागतो. जिल्हा एकच, पण बहिणीचा सल्ला गगनबावड्याच्या घाटात टिकत नाही.

एसीच्या बाबतीत गोंधळ बिलावरून होतो. "इन्व्हर्टर एसी घेतला, बिल निम्म्यावर आलं." आधी काय होतं? बारा वर्षांचा जुना एसी असेल तर कुठल्याही नव्यानं बिल उतरलंच असतं. शिवाय घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्यानं वाढतो. 100 युनिटच्या आतला दर वेगळा, 300 च्या पुढचा वेगळा. त्यामुळे रुपये विचारू नका, युनिट विचारा. मे महिन्याचे युनिट, रोज किती तास, किती डिग्रीवर, खोली गच्चीखालची की मधल्या मजल्यावरची, छतावर सोलर आहे का. लेबलवरचे वर्षाचे युनिट 1600 तासांच्या वापरावर काढलेले असतात; तुमचे तास त्याच्या निम्मे असतील तर बचतही साधारण निम्मी धरा. आणखी एक: एसीच्या स्टारचे निकष जुलै 2022 मध्ये कडक झाले. त्याआधीचे पाच स्टार आणि नंतरचे पाच स्टार एकाच मापाचे नाहीत, तेव्हा "आमचाबी फाइव्ह स्टारच हाय" याला तुलना म्हणत नाहीत.

"स्टॅबिलायझर लागत नाही" हेही असंच एका घरापुरतं वाक्य. शहरात ट्रान्सफॉर्मरजवळ राहणाऱ्याला लागत नसेल. शेतीपंपांच्या लाइनवरच्या गावात संध्याकाळी दिवे मंद होत असतील तर सात ते दहाच्या वेळेत तीन-चार दिवस व्होल्टेज मोजा आणि एसीच्या माहितीपत्रकात दिलेल्या पल्ल्याशी ताडून पाहा.

मेकॅनिकचं मत सगळ्यात खात्रीचं, असं धरून चालणारेही पुष्कळ. त्याच्याकडून सुटे भाग मिळतात का, बोर्ड किती दिवसांत येतो, दुरुस्तीला माणूस गावातला येतो की बाहेरून, हे जरूर काढून घ्या. ती पक्की माहिती असते. पण "दहातले सात फ्रिज याच कंपनीचे येतात" यावरून कंपनी वाईट ठरत नाही. गावात त्याच कंपनीचे फ्रिज सगळ्यात जास्त खपले असतील तर दुरुस्तीलाही तेच जास्त येणार. न बिघडलेले फ्रिज मेकॅनिकला दिसतच नाहीत. वॉरंटीचं मात्र त्यालाच विचारा. "कॉम्प्रेसरला दहा वर्षं" म्हणजे बहुधा नुसता कॉम्प्रेसर. गॅस, मजुरी आणि इलेक्ट्रॉनिक बोर्ड यांचं काय, ते कार्डावर बारीक अक्षरात असतं.

मग विचारायचं कसं? "कुठला घेऊ?" हा प्रश्नच टाळा, त्याला शिफारसच येते. "वहिनी, शेवटचं कधी अडलं होतं?" असं विचारलं की वहिनी आपोआप सगळं सांगतात: कुणाला फोन केला, किती दिवसांनी माणूस आला, काय बदललं. जिनं मशीन दोन पावसाळे वापरलंय तिला विचारा. आठ दिवसांपूर्वी घेतलेल्याला फक्त नव्याचा वास माहीत असतो, आणि पंधरा वर्षांपूर्वीचं मॉडेल आता कोणी बनवतच नाही, कंपनीचं नाव तेच राहिलं असलं तरी.

शेवटी त्यांच्याकडून मॉडेलच्या स्टिकरचा फोटो मागून घ्या. फ्रिजचा आतल्या भिंतीवर असतो, वॉशिंग मशीनचा मागं किंवा दाराच्या कडेला, एसीचा आतल्या युनिटच्या बाजूला. नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. एका अक्षराच्या फरकानं कधी नुसता रंग बदलतो, तर कधी आतला माल. टेम्पो दारात आला की खोका फोडायच्या आधी तो फोटो खोक्यावरच्या नंबरशी लावून पाहा, आणि जुळला नाही तर चलनावर सही करू नका.