सावधगिरीची बचत आणि आरोग्य विमा

येईलच असे नाही, पण आलाच तर पेलणार नाही, अशा खर्चासाठी हात आखडता घेऊन बाजूला ठेवलेल्या पैशाला अर्थशास्त्रात सावधगिरीची बचत म्हणतात. अशा खर्चांत आजारपण सर्वांत बेभरवशाचे. ते कधी येईल, किती लांबेल हे सांगता येत नाही. शिवाय औषधपाण्याचा खर्च वाढतो तेव्हाच कमाईही थांबते.

कल्पना जुनी आहे. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सने १९३६ मध्ये बचतीचे आठ हेतू सांगितले, त्यांत सावधगिरी पहिली. विमा उतरवला की मोठ्या बिलाची धास्ती कमी होते, तेव्हा बचतही घटावी, हा सरळ तर्क. आकडे मात्र उलटेच बोलले. अमेरिकी कुटुंबांच्या पाहणीवरून मार्था स्टार-मॅक्लुअर यांनी १९९६ मध्ये दाखवले, की विमाधारकांकडे विमा नसलेल्यांपेक्षा जास्त पुंजी असते. यात गोम आहे ती निवडीची: जो मुळात सावध, तो विमाही काढतो आणि पैसाही साठवतो. मग कारण विमा की स्वभाव, हे नुसत्या तुलनेतून कळणार कसे?

म्हणून संशोधकांनी असे प्रसंग शोधले, जिथे विमा लोकांनी निवडला नव्हता, कायद्याने आला होता. तैवानने मार्च १९९५ मध्ये सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्य विमा लागू केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्यामुळे कुटुंबांची बचत सरासरी ८.६ ते १३.७ टक्क्यांनी घटली. ज्यांची बचत मुळातच तुटपुंजी, त्यांच्यावर परिणाम सर्वाधिक. या घटीला उधळपट्टी म्हणणे चूक ठरेल, कारण धास्तीपोटी अडकलेला पैसा मोकळा झाला होता.

अमेरिकेतील मेडिकेडची गोष्ट जरा वेगळी. गरिबांसाठीच्या या सरकारी योजनेत पुंजी ठराविक मर्यादेपलीकडे गेली की लाभ बंद, अशी अट बराच काळ होती. म्हणजे बचत करणाऱ्यालाच दंड! जोनाथन ग्रुबर आणि आरन येलोविट्झ यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार १९९३ मध्ये मेडिकेडमुळे पात्र कुटुंबांची संपत्ती सुमारे १६ टक्क्यांनी कमी झाली होती, आणि जिथे ही अट होती तिथे परिणाम बराच तीव्र होता.

उतारवयात चित्र पुन्हा पालटते. निवृत्तीनंतर साठवलेला पैसा हळूहळू संपायला हवा, पण अमेरिकेतील अनेक वृद्ध, विशेषतः सुखवस्तू, तो जपूनच ठेवतात. दे नार्दी, फ्रेंच आणि जोन्स यांनी २०१० मध्ये याचे मोठे कारण वैद्यकीय खर्चात दाखवले: वय आणि उत्पन्न वाढते तसा हा खर्च चढत जातो, आणि शुश्रूषागृहातील दीर्घ मुक्कामाचा भार बहुतेकांच्या विम्याबाहेरच राहतो.