दिशाभान, कीटकांमधील

आपले तोंड कोणीकडे आहे याचा अंदाज कीटकाचा मेंदू सतत घेत असतो. डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा आणि शरीराचे वळणे, या दोन्हींवरून ठरणाऱ्या या जाणिवेला दिशाभान म्हणता येईल. याविषयीचे सर्वांत बारीक ज्ञान पिकल्या केळ्यांवर घिरट्या घालणाऱ्या चिलटामुळे (ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर) मिळाले. त्याला फळमाशी म्हणण्याचा प्रघात आहे, पण आंबा बागायतदार जिच्या नावाने बोटे मोडतात ती फळमाशी वेगळ्या कुळातली.

चिलटाच्या मेंदूच्या मध्यभागी एलिप्सॉइड बॉडी नावाचा, मेदूवड्यासारखा भोक असलेला भाग आहे. अमेरिकेतील जनेलिया संशोधन केंद्रात योहानेस सीलिग आणि विवेक जयरामन यांनी चिलटाचे डोके घट्ट बसवले, डोक्याच्या मागच्या कवचाला बारीक खिडकी पाडली आणि पायांखाली हवेवर तरंगणारा चेंडू ठेवला. चिलट जागच्या जागी चाले आणि त्याच्या वळण्यानुसार भोवतीच्या पडद्यावरचे दृश्य सरके. सूक्ष्मदर्शकातून दिसे ते असे: कड्याच्या एका भागातल्या सक्रिय पेशी उजळलेल्या आणि चिलट वळले की तो उजेडाचा ठिपका कड्यावरून तेवढाच फिरे (2015).

हा ठिपका म्हणजे होकायंत्राची सुई, पण तिला उत्तर दिशा ठाऊक नाही. समोर तीच खूण असली तरी एका चिलटात ठिपका कड्याच्या वरच्या बाजूला, तर दुसऱ्यात खाली असू शकतो. खूण आणि ठिपका यांची सांगड प्रत्येक चिलट स्वतः घालते. दृश्याची माहिती आणणाऱ्या पेशी कड्यातल्या पेशींना दाबून ठेवतात. दोन्ही एकाच वेळी सक्रिय झाल्या की त्या जोडणीतला दाब कमी होतो. त्यामुळे पुढच्या वेळी तीच खूण ठिपक्याला नेमक्या त्याच जागी आणते. 2019 मध्ये दोन गटांच्या प्रयोगांतून हे समोर आले.

अंधार केला तरी ठिपका विझत नाही. डावीकडच्या आणि उजवीकडच्या वळणांसाठी पेशींचे वेगळे संच आहेत, ते त्याला ढकलत राहतात. चुका मात्र साठत जातात आणि सुई हळूहळू ढळते. खूण पुन्हा दिसली की ती ताळ्यावर येते. एका वेळी ठिपका एकच टिकतो. कड्यात दुसरीकडे प्रकाशाने पेशी उत्तेजित केल्या, तर तिथे नवा ठिपका उमटून जुना मावळतो (2017). उंदरांतील दिशापेशींचा (डोके ठरावीक दिशेला असताना सक्रिय होणाऱ्या मेंदूपेशींचा) उलगडा करण्यासाठी सिद्धांतकारांनी 1990 च्या दशकात असेच वर्तुळ कागदावर मांडले होते. चिलटात ते खरोखरच गोल निघाले.

खूण म्हणजे झाड किंवा दगडच असतो असे नाही. टोळाच्या मेंदूतल्या याच परिसरात आकाशातील ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाच्या दिशांचा क्रमवार नकाशा सापडला आहे (2007). दक्षिण आफ्रिकेतील निशाचर शेणकिडे तर आकाशगंगेचा पट्टा पाहून शेणाची गोळी सरळ रेषेत ढकलत नेतात. त्यांना आकाश दिसू नये म्हणून डोक्यावर पुठ्ठ्याच्या टोप्या चढवल्या, तेव्हा वाटा वेड्यावाकड्या झाल्या.