मेणाचं बाळ (नवस)

मेणाचं बाळ म्हणजे मूल व्हावं म्हणून, किंवा झालेलं मूल नीट राहावं म्हणून, मरियामातेपुढे वाहायची बाळाच्या आकाराची मेणाची मूर्ती. मुंबईत हे बघायचं तर वांद्र्याला मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरी चर्चच्या, टेकडीवर जायचं. मोत म्हणजे बहुधा माउंट, इथल्या लोकांच्या तोंडी बसून मोत झालेलं, आणि माउली तर आपलीच. सध्याची चर्चची इमारत १९०४ची, १९५४ला बॅसिलिका झाली, म्हणजे पोपकडून खास चर्चचा दर्जा मिळाला. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस, त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना, आणि नंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा.

चढावर स्टॉल लागतात, तिथे मेणबत्त्यांच्या शेजारी मेणाचे हात, पाय, घरं आणि बाळं मांडलेली असतात. हिशोब साधा, पाय दुखतोय तर पाय वाहा, घर पाहिजे तर घर वाहा. बाळाचं मात्र वेगळं आहे कारण तिथे दुखणारा अवयव नाही, माणूसच नाहीये अजून. नाकडोळे पुसट, साच्यातून निघाले तेवढेच, आणि सप्टेंबरच्या उकाड्यात लाइनीत हातात धरून उभं राहिलं तर मेण मऊ पडतं म्हणून रुमालात धरलेलं बरं. लाइनीत हिंदू, मुसलमान, पारशी सगळ्या बायका असतात, धर्म कोण विचारतंय.

चर्च याला जादू मानत नाही. मेण दिलं की मूल मिळतं असा व्यवहार नाही, ही प्रार्थना आहे, मूल हे देवाचं दान आहे, कुणाचा हक्क नाही, ही कॅथलिक शिकवण. बरोबरच आहे म्हणा, पण लग्नाला सात वर्षं झालीत, परत पाळी आली आणि मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्यावर एखादी आंटी हसून "गुड न्यूज कधी?" विचारते, तेव्हा दान हा शब्द गोड लागत नाही.

मूल झालं म्हणजे सुटलं असंही नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात मरिया बाळ येशूला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात जाते, बाळंतपणानंतरच्या अर्पणाला कोकरू परवडत नाही म्हणून पारव्यांच्या जोडीवर भागवायचं, आणि तिथेच म्हातारा शिमोन बाळाला हातात घेऊन आनंदाने स्तुती करतो आणि आईला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार जाईल. ओली बाळंतीण ती! पुढे बारा वर्षांचा मुलगा गर्दीत हरवतो, तीन दिवसांनी सापडतो आणि वर उलट विचारतो की मला शोधत का होतात. घरात टीनएजर असेल तर हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. दुःखी मातेचा, म्हणजे मरियेच्या याच दुःखांचा, सण १५ सप्टेंबरला असतो, म्हणजे जन्मदिवसाची जत्रा चालू असतानाच.

नगर-सोलापूरकडच्या प्रोटेस्टंट घरांत मेण नाही, मरियेला नवस नाही. तिथे अशा वेळी बायबलच्या जुन्या करारातली हन्नाची गोष्ट निघते. मूल नाही म्हणून ती मंदिरात रडत प्रार्थना करते, ओठ हलतात पण आवाज नाही, एली याजकाला वाटतं बाई प्यायलीय. मुलगा झाला तर देवालाच देईन असं ती बोललेली असते. मग शमुवेल होतो आणि बोलल्याप्रमाणे अंगावरचं दूध तुटल्यावर ती त्याला मंदिरातच ठेवून येते. नवस फेडणं म्हणजे काय ते इथे कळतं. दर वर्षी नवऱ्याबरोबर यज्ञाला जाताना ती त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून न्यायची, माप घरी बसून अंदाजानेच धरत असणार, मागच्या वर्षीपेक्षा थोडं मोठं.