आजारी डॉक्टर, संतापी डॉक्टर आणि रुग्णालयाची जबाबदारी

एखादा भूलतज्ज्ञ स्वतःच फेंटानिलसारख्या तीव्र वेदनाशामक औषधाच्या आहारी गेला, तरी सुरुवातीला त्याच्या कामात उणेपणा दिसतोच असे नाही. उलट तो अधिक तत्पर भासतो. सहकाऱ्यांच्या ड्यूट्या आपणहून मागून घेतो, जेवणापुरते कोणी त्याच्या जागी उभे राहायला आले तर नको म्हणतो, आणि सुटीच्या दिवशीही शस्त्रक्रियागृहात हजर असतो, कारण औषधाच्या कुप्या तेथेच मिळतात. सुयांचे व्रण झाकण्यासाठी त्याच्या अंगात कायम लांब बाह्यांचे कपडे असतात. संशय पक्का होतो तो पुष्कळदा नोंदींवरून: कागदावर भरपूर वेदनाशामक दिल्याचे लिहिलेले असते आणि रुग्ण मात्र शुद्धीवर येताच कळांनी तळमळत असतो, कारण त्याच्या वाट्याचे औषध डॉक्टरच्या शिरेत गेलेले असते.

या खुणा सर्वांत आधी दिसतात त्या शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरला किंवा कनिष्ठ डॉक्टरला, आणि नेमकी तीच माणसे बोलायला कचरतात. वरिष्ठांविरुद्ध तोंड उघडण्याची भीती असते. त्याहूनही, आपल्या एका शब्दाने चांगल्या माणसाची सारी कारकीर्द मातीत जाईल, ही धास्ती असते. म्हणून आजारी डॉक्टरांचा प्रश्न सोडवताना आधी हे मौन फोडावे लागते, आणि बोलण्याचा परिणाम केवळ शिक्षाच असेल तर ते फुटत नाही, हे अमेरिकेतील गेल्या 50 वर्षांच्या अनुभवातून मला सर्वाधिक महत्त्वाचे वाटते.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मानसिक आरोग्य परिषदेने 1973 साली एका अहवालात डॉक्टरांमधील मद्यासक्ती, औषधांचे व्यसन आणि मनोविकार यांची उघड चर्चा केली आणि अशा सहकाऱ्याला उपचारांपर्यंत नेणे हे इतर डॉक्टरांचे कर्तव्य मानले. त्यानंतर तेथील राज्याराज्यांत डॉक्टरांसाठी खास आरोग्य कार्यक्रम उभे राहिले. त्यांची रीत मऊ नाही. डॉक्टरला आधी काम थांबवून उपचार घ्यावे लागतात, मग साधारण 5 वर्षांचा करार होतो. त्या काळात तो रोज फोनवर किंवा अ‍ॅपवर त्या दिवशी तपासणीसाठी आपली पाळी आली आहे का ते पाहतो आणि आली असेल तर त्याच दिवशी लघवीचा नमुना देतो, मग तो रजेवर का असेना. मद्याचा अंश शरीरातून गेल्यावरही काही दिवस सापडणारे एथिल ग्लुकुरोनाइड त्यात तपासता येते. रुग्णालयातील एक सहकारी त्याच्या कामावर लक्ष ठेवतो. या अटी पाळल्या, तर बहुतेक वेळा प्रकरण गोपनीय राहते आणि परवाना टिकतो.

अशा 16 राज्यांतील कार्यक्रमांमध्ये दाखल झालेल्या 904 डॉक्टरांचा अभ्यास 2008 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची पुढील माहिती मिळाली त्या 802 जणांपैकी जवळजवळ 79 टक्के डॉक्टर 5 वर्षांनंतर परवान्यासह काम करत होते. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात हे यश फार मोठे आहे. अर्थात परवाना गमावण्याची भीती ही डॉक्टरांजवळची विलक्षण प्रेरणा असते आणि तुलनेसाठी वेगळा गट या अभ्यासात नव्हता, हे विसरू नये.

रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या अमेरिकी संस्थेने 2001 पासून डॉक्टरांच्या आरोग्याचे प्रश्न शिस्तभंगाच्या कारवाईपासून वेगळ्या प्रक्रियेने हाताळण्याचा दंडक घातला. मात्र रुग्णाला धोका दिसत असेल तर डॉक्टरला कामावरून तत्काळ बाजूला करावे लागते. तेथे गोपनीयतेची सबब चालत नाही.

वर्तनाचा प्रश्न याहून अवघड आहे. शस्त्रक्रियेच्या मध्येच उपकरण भिरकावणारा, रात्री फोन केला म्हणून सिस्टरला अपमानित करणारा सर्जन ‘हाताला यश आहे’ म्हणून वर्षानुवर्षे सहन केला जातो. हे सोसणे रुग्णांना किती महाग पडते, याचा पुरावा आता आहे. इस्राएलमध्ये नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागांतील 24 चमूंना एका प्रतिरूप बाळावर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, उपचार करायला सांगितले गेले. मुदतीपूर्वी जन्मलेल्या त्या बाळाच्या आतड्याचा विकार झपाट्याने बळावत होता. काही चमूंना आधी एका परदेशी तज्ज्ञाचे इस्राएलमधील वैद्यकसेवेला कमी लेखणारे शेरे ऐकवले होते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अवमान ऐकलेल्या चमूंचे निदानही घसरले आणि हातचे कामही. त्यांच्यात एकमेकांना माहिती सांगणे आणि मदत मागणे कमी झाले होते. पुढे 2019 साली 202 सर्जन आणि त्यांच्या 13,653 रुग्णांच्या अभ्यासात दिसले की, ज्यांच्या वागण्याबद्दल सहकाऱ्यांनी आधीच्या 3 वर्षांत एक ते तीन तक्रारी नोंदवल्या होत्या, त्यांच्या रुग्णांमध्ये गुंतागुंतीचे प्रमाण तक्रार नसलेल्या सर्जनांच्या तुलनेत सुमारे 14 टक्क्यांनी अधिक होते. वागणुकीमुळेच गुंतागुंत झाली, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही; पण ज्याच्यापुढे बोलायला भीती वाटते त्याला ‘सर, रक्तस्राव वाढतोय’ हे वेळेवर कोण सांगेल?

अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील डॉ. जेराल्ड हिक्सन आणि सहकाऱ्यांनी यासाठी पायऱ्यापायऱ्यांची पद्धत रचली. पहिल्या तक्रारीनंतर बरोबरीचा एक सहकारी कॉफी पिता पिता, न्यायनिवाडा न करता, ‘असे असे सांगितले गेले आहे’ एवढेच कानावर घालतो. बहुतेकांना ते पुरते. तक्रारी साचल्या तर आकडे समोर ठेवले जातात, मग विभागप्रमुख सुधारणेची लेखी योजना देतात, आणि अखेरीस शिस्तभंगाची कारवाई होते. जॉइंट कमिशननेही 2009 पासून रुग्णालयांना आचारसंहिता आणि ती राबवण्याची प्रक्रिया सक्तीची केली.

आजार आणि वर्तन यांच्यातली रेघ नेहमी स्पष्ट नसते. आयुष्यभर शांत असलेला डॉक्टर पन्नाशीत अचानक खेकसू लागला, तर नैराश्य, मद्य, थायरॉइडचा विकार किंवा मेंदूच्या पुढच्या भागातील स्मृतिभ्रंश यांचा विचार आधी व्हायला हवा. वैद्यकीय तपासणीविना दिलेली ताकीद येथे निष्फळ ठरते.

या व्यवस्थेचा दुरुपयोगही होऊ शकतो. अपुऱ्या मनुष्यबळाबद्दल आवाज उठवणाऱ्या डॉक्टरलाच उपद्रवी ठरवणे सोपे असते. नॉर्थ कॅरोलायनाच्या राज्य लेखापरीक्षकांनी 2014 साली तेथील डॉक्टर आरोग्य कार्यक्रम तपासला. प्रत्यक्ष अन्याय सापडला नाही, पण तो झाला असता तरी उघडकीस आला नसता, इतकी देखरेख कच्ची असल्याचे त्यांनी म्हटले. निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची स्वतंत्र सोय म्हणूनच अत्यावश्यक आहे.

भारतात 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनी सहकाऱ्याची अकार्यक्षमता किंवा अनैतिक वर्तन निर्भयपणे उघड करण्याचे कर्तव्य डॉक्टरवर टाकले आहे. परंतु महाराष्ट्रातील कित्येक छोट्या नर्सिंग होममध्ये सर्जन हाच मालक असतो. त्याच्या समोर कॉफी घेऊन बसणारा बरोबरीचा सहकारी तेथे नसतो आणि तक्रार करणाऱ्या सिस्टरची नोकरी त्याच्याच हातात असते. अशा ठिकाणी मदतीचे दार रुग्णालयाबाहेरच असायला हवे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद नोंदणीच्या नूतनीकरणासाठी दर 5 वर्षांनी डॉक्टरांकडून सततच्या वैद्यकीय शिक्षणाचे गुणांक मागते, म्हणजे प्रत्येक डॉक्टरशी तिचा ठरावीक काळाने संबंध येतोच. परिषदेच्या शिस्तपालनाच्या कामापासून पूर्ण वेगळे, गोपनीय साहाय्य केंद्र याच यंत्रणेच्या आधाराने सुरू करता येईल, आणि त्याचा क्रमांक नूतनीकरणाच्या अर्जावरच छापता येईल.