स्वर (मराठीतले)

जीभ, ओठ, दात कुठेही हवा न अडवता जो आवाज निघतो तो स्वर. व्यंजनाला जोडला की काना, वेलांटी, उकार, मात्रा अशी खूण येते, अ ला मात्र खूणच नाही, तो अक्षरात धरलेलाच असतो. पण "घर" आपण सगळे घर् असंच म्हणतो, म्हणजे शेवटचा अ कागदावर आहे नि तोंडात नाही.

वर्णमाला संस्कृतातून आली, त्यामुळे असे घोळ बरेच. ऋ आपण रु म्हणतो (हिंदीवाले रि), ऌ तर क्लृप्तीपुरताच उरलाय.

खरा वाद ऱ्हस्व-दीर्घाचा. पारंपरिक व्याकरणात इ-ई, उ-ऊ हे वेगळे स्वर, शिर म्हणजे डोकं आणि शीर म्हणजे नस. भाषाशास्त्राच्या बाजूचे म्हणतात की रोजच्या बोलण्यात दोन्ही सारखेच ऐकू येतात, लांबी जागेवरून ठरते: मूल पण मुलाला, वीट पण विटा, ऊस पण उसाचा. गीत-गीताला मध्ये ई तशीच राहते कारण तो तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला) शब्द, आणि तिथेही फरक लिहिण्यातच जास्त जाणवतो. हे दुसरं मत जास्त पटतं, कारण जुन्या मोडी लिपीतही इकार-उकाराचा हा भेद सहसा पाळलेला दिसत नाही. देवनागरीतला काटेकोरपणा बहुधा १९ व्या शतकात छपाई, कोश (मोल्सवर्थचा १८३१ चा) आणि शालेय व्याकरणं आल्यावर पक्का झाला असावा. १९६२ च्या लेखन नियमांनी शेवटचे इ-उ दीर्घ केले म्हणून कवि चा कवी झाला, पण "आणि", "परंतु" हे शब्द अपवाद राहिले आणि समासात कविराज ऱ्हस्वच.

त्याच नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, केलें चं केले झालं. बोलीतलं "केलं" वरच्या टिंबासकट टिकलं, पण प्रमाण बोलीत ते टिंब आता नाकातलं नाही, ते सांगतं की इथला अ गिळायचा नाही, थोडा लांबवायचा. केळ (झाड) आणि केळं (फळ) म्हणून बघा. म्हणजे वर्णमालेत नसलेला एक स्वर आपण रोज वापरतो, आणि माझ्या मते मराठीच्या स्वरांतली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. कोकणीत आणि कोकणातल्या काही बोलींत नाकातले स्वर अजून आहेत.

ॲ आणि ऑ इंग्रजी शब्दांसाठी आले, बॅट, बॉल, डॉक्टर. २००९ च्या शासन निर्णयाने ते वर्णमालेत घेतले. युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत) ॲ २००८ ला आला, हिंदीतला ऍ त्याआधीपासून होता, म्हणून जुन्या मराठी टायपिंगमध्ये ऍ दिसतो.