सुरकुत्यांवरची इंजेक्शने: बोटॉक्स आणि फिलर यांची पार्श्वभूमी

चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसाठी इंजेक्शन घेण्याचा विचार करून त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलेल्या व्यक्तीपुढे बहुधा दोन नावे येतात: बोटॉक्स आणि फिलर. दोन्ही सुईनेच दिली जातात, क्लिनिकच्या एकाच दरपत्रकावर शेजारी शेजारी छापलेली असतात, आणि त्यामुळे ती एकाच उपचाराची कमी-अधिक महागडी रूपे असावीत असा समज होतो. वास्तविक त्यांचे काम वेगळे आहे. बोटॉक्स स्नायूचे आकुंचन थांबवते, तर फिलर त्वचेखाली उणा पडलेला भाग भरून काढते. दोन्हींचा उगमही वेगळा असून, निवड करताना कोणते प्रश्न विचारावेत हे त्या इतिहासातूनच उमगत जाते.

भरून काढण्याची कल्पना अधिक जुनी आहे, आणि तिचा आरंभीचा इतिहास दुःखद आहे. व्हिएन्नाचे शल्यविशारद रॉबर्ट गेर्सुनी यांनी 1899 मध्ये पेट्रोलियम जेली शरीरात टोचून आकार देण्याचा प्रयोग केला, आणि पुढच्या काही वर्षांत पॅराफिन मेण टोचून नाक सरळ करण्याची किंवा सुरकुत्या बुजवण्याची लाट युरोप-अमेरिकेत पसरली. सुरुवातीचे परिणाम डोळ्यांत भरण्यासारखे असत. मात्र शरीर हे मेण पचवू शकत नव्हते. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्याभोवती कठीण गाठी होत, त्वचा लाल पडे, जखमा चिघळत, आणि मेण जागा सोडून खाली उतरे. पुढे मार्लबरोच्या डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकन यांनी तरुणपणी नाकाच्या मुळाशी मेण टोचून घेतले होते. ते घसरत हनुवटीपर्यंत आले आणि एके काळी सौंदर्यासाठी नावाजलेला चेहरा कायमचा बिघडला. दुसऱ्या महायुद्धानंतर द्रवरूप सिलिकोनच्या बाबतीतही हेच घडले. टोचलेला पदार्थ परत काढता येत नाही, ही या साऱ्या उपचारांची खरी उणीव होती, आणि माझ्या मते फिलर निवडताना आजही पहिला प्रश्न याविषयीच असायला हवा.

1981 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, गायीच्या कातडीपासून काढलेल्या कोलॅजेनला मान्यता दिली. हा पदार्थ काही महिन्यांत विरघळून जाई, परंतु काही जणांना त्याची ॲलर्जी होत असल्याने आधी हातावर चाचणी घेऊन कित्येक आठवडे थांबावे लागे. ही अडचण हायलुरॉनिक ॲसिडने दूर केली. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी हा पदार्थ 1934 मध्ये गायीच्या डोळ्यातील द्रवातून वेगळा केला होता. तो मानवी त्वचेतही मुळातच असतो आणि पाणी धरून ठेवतो. जिवाणूंच्या किण्वनातून तो तयार करून, त्याचे रेणू एकमेकांना जोडून घट्ट जेल बनवण्याचे तंत्र विकसित झाले. 1996 मध्ये रेस्टिलेन युरोपात आले आणि डिसेंबर 2003 मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. या जेलचे सर्वांत मोठे बळ असे की, गरज पडल्यास हायलुरॉनिडेज हे विकर टोचून ते विरघळवता येते.

दुसऱ्या उपचाराची सुरुवात विषबाधेपासून होते. जर्मनीतील वुर्टेम्बर्ग प्रांतात बिघडलेले सॉसेज खाऊन माणसे दगावत असत. तेथील वैद्य आणि कवी युस्टिनुस केर्नर यांनी 1822 पर्यंत अशा रुग्णांच्या तपशीलवार नोंदी प्रसिद्ध केल्या आणि हे विष अल्प प्रमाणात औषध म्हणून वापरता येईल, असा तर्कही मांडला. 1895 मध्ये बेल्जियममधील एल्झेल या गावी खारवलेले मांस खाऊन वादक मंडळी आजारी पडली, काही दगावली, आणि एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी त्यातून हे विष तयार करणाऱ्या जिवाणूचा शोध लावला. हे विष मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा रासायनिक संदेश अडवते, हे विसाव्या शतकाच्या मध्यास स्पष्ट झाले.

सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांना तिरळेपणावर शस्त्रक्रियेऐवजी काही उपाय हवा होता. ओढून धरणारा स्नायू थोडा सैल केला तर डोळा सरळ होईल, या विचाराने त्यांनी हेच विष अल्प मात्रेत टोचून आधी माकडांवर आणि मग रुग्णांवर प्रयोग केले. 1989 च्या डिसेंबरात तिरळेपणा व पापण्यांच्या अनैच्छिक आकुंचनासाठी, पुढे बोटॉक्स म्हणून ओळखल्या गेलेल्या या औषधाला मान्यता मिळाली. व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स याच उपचारासाठी ते वापरत होत्या. भुवयांमध्ये टोचल्यावर तेथील आठ्या नाहीशा होतात, हे त्यांच्या एका रुग्ण महिलेच्या लक्षात आले, आणि तिने तेथेही इंजेक्शन देण्याचा आग्रह धरला. जीन यांचे पती ॲलस्टेअर त्वचारोगतज्ज्ञ होते. दोघांनी मिळून 1992 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एफडीएने भुवयांमधील रेषांसाठी परवानगी दिली ती एप्रिल 2002 मध्ये. त्या जागेसाठीची ठरलेली पद्धत आजही तीच आहे: पाच बिंदू, प्रत्येकी चार युनिट (औषधाच्या मात्रेचे माप), एकूण वीस.

म्हणून भुवया आक्रसल्यावर किंवा हसताना डोळ्यांच्या कडेला उमटणाऱ्या रेषांसाठी बोटॉक्स योग्य ठरते. त्याचा परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण तीन ते चार महिने टिकतो. चेहरा शांत असतानाही दिसणाऱ्या, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत गेलेल्या घड्यांना मात्र बहुतेक वेळा फिलरच लागते, कारण तेथे भराव कमी झालेला असतो. फिलरचा सर्वांत गंभीर धोका म्हणजे जेल चुकून रक्तवाहिनीत जाऊन तेथील त्वचा मरणे, आणि क्वचित प्रसंगी दृष्टी जाणे; नाक व भुवयांमधला भाग यासाठी विशेष जोखमीचा मानला जातो. क्लिनिकमध्ये हायलुरॉनिडेज हाताशी आहे का, हे म्हणूनच संकोच न करता विचारावे. गर्भारपणात आणि मायस्थेनियासारख्या स्नायूंच्या आजारात बोटॉक्स टाळले जाते.

आणखी एक बाब अनेकांच्या नजरेतून सुटते. बोटॉक्स आणि त्याच विषापासून बनवलेली डिस्पोर्ट व झिओमिन ही दुसऱ्या नावांची औषधे यांची युनिटे एकमेकांच्या बरोबरीची नाहीत, त्यामुळे दोन क्लिनिकांच्या दरांची केवळ प्रति युनिट तुलना करणे दिशाभूल करणारे ठरते. उत्पादन खरे आहे की नाही, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. 2004 मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात मान्यताप्राप्त औषधाऐवजी प्रयोगशाळेसाठीचे कच्चे विष टोचल्याने चार जणांना बोट्युलिझम, म्हणजे याच विषाची बाधा, होऊन श्वसनयंत्रावर ठेवावे लागले. त्या कुपीवरील मजकुरात ते माणसांवर वापरण्यासाठी नसल्याचे नमूद होते. कुपीवरील नाव, बॅच क्रमांक व मुदत रुग्णाने स्वतः पाहावी, आणि किती युनिट कोठे दिली याची नोंद मागून घ्यावी. पुढच्या वेळी डॉक्टर बदलले तरी मात्रा ठरवताना हीच नोंद लागते.