‘विकू नका, भाव परत येतोच’ : खरं काय?

‘क्रिप्टो कितीही पडू दे, धरून ठेवा, जुना भाव परत येतोच,’ हा फॉरवर्ड दर मंदीत फिरतो. पटण्यासारखाच आहे, कारण बिटकॉइनचं तसं झालं: डिसेंबर 2017मध्ये 20,000 डॉलरजवळ, वर्षभरात 4,000च्या खाली, डिसेंबर 2020मध्ये पुन्हा 20,000पार. पण 2017च्याच गर्दीत बिटकॉइन कॅश हे बिटकॉइनमधून फुटून निघालेलं वेगळं नाणं 3,000 डॉलरच्या वर गेलं होतं. 2021च्या तेजीतही ते 2,000ला पोहोचलं नाही. आपल्या लक्षात राहतात ती तगलेली नाणी. बुडालेल्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर कोण टाकतो?

गणितही आडवं येतं. 100चे 20 व्हायला 80 टक्के घसरण पुरते. 20चे 100 व्हायला 400 टक्के वाढ लागते. आपल्या कॉइनचा चार्ट महिन्याऐवजी ‘ऑल’वर, म्हणजे सुरुवातीपासूनच्या पूर्ण काळावर लावा आणि शिखर नि आजचा भाव शेजारी लिहून बघा.